एका रकान्यात किती मावावे?

शाळेच्या नोंदवहीत ‘पत्ता’ हा रकाना एकच. पण त्यात गाव, तालुका, जिल्हा अशी तीन अंगे असतात. १९७० साली कॉड यांनी संगणकातील कोष्टकांचा सिद्धांत मांडला, तेव्हा एका घरात एकच साधे मूल्य असावे, असा दंडक घातला. पुढे १९९९ च्या एसक्यूएल प्रमाणकाने जोडप्रकारांना मुभा दिली. पोस्टग्रेस या प्रणालीत ‘पत्ता’ हा प्रकार बांधून एकाच रकान्यात ठेवता येतो. त्यातला तालुका वेगळा मागताही येतो. मात्र ‘तालुका रिकामा नको’ ही अट त्या प्रकारातच घालता येत नाही. ती कोष्टकावर निराळी घालावी. ती राहिली, तर तालुकावार यादीतून एखादे पोर गळायचे अन् शिष्यवृत्तीला मुकायचे! म्हणून ज्यावरून रोज शोध घ्यायचा, ते रकाने सुटेच ठेवलेले बरे.