औषध लागू पडल्यावर पेटणारा चट्टा

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आसरा उभारला, तेव्हा या रोगावर हुकमी औषध हाताशी नव्हते. आज अमरावती असो की अकोला, सरकारी दवाखान्यात गोळ्यांचे पाकीट फुकट मिळते. सहा किंवा बारा महिन्यांचा हा उपचार. त्यातले महिन्यातून एकदा घ्यायचे रिफॅम्पिसिन इतके जालीम, की पहिल्याच मात्रेत बहुतेक जंतू गारद होतात. नवल पुढेच आहे. काही रुग्णांचा इतके दिवस बधिर, मुकाट असलेला चट्टा उपचार सुरू झाल्यावर लालबुंद होतो, फुगतो, दुखू लागतो.

औषध बाधले, असेच कुणालाही वाटेल. प्रकार वेगळा आहे; याला ‘रिअॅक्शन’ म्हणतात. कुष्ठाचा जंतू भलताच सुस्त. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. नसेच्या तंतूंना वेढणाऱ्या पेशींत तो दडून राहतो. गोळ्यांनी तो मरतो, पण त्याचे अवशेष तिथेच पडून राहतात. त्यांच्यावर शरीरातल्या टी-पेशी उशिरा का होईना, तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत नसच भरडली जाते.

परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याच्या लेप्रसी मिशन रुग्णालयात काय किंवा साध्या आरोग्य केंद्रात काय, तपासणारा म्हणूनच कोपरामागच्या खाचेत बोट ठेवतो. तिथली नस जाड लागते का, दाबल्यावर रुग्ण कळवळतो का, हे पाहतो. मग करंगळी बाहेर ताणायला सांगून ती दाबून बघतो, डोळे मिटायला लावून तळव्याला बॉलपेनचे टोक टेकवतो. जोर किंवा संवेदना नुकतीच गेली असेल तर प्रेडनिसोलोन देतात. बहुधा ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग काही महिने उतरती मात्रा. म्हणजे एका हाताने जंतू मारायचे, दुसऱ्याने आपल्याच फौजेला आवरायचे! कुष्ठाच्या गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत. उशीर झाला तर बोटे वाकडी होतात, आणि ते नुकसान गोळ्यांनी भरून येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या रिअॅक्शनमध्ये ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात. साठच्या दशकात जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी अशा रुग्णाला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले, आणि गाठीच ओसरल्या. गर्भातल्या बाळांना अपंग करणारे, म्हणून जगभर बदनाम झालेले हेच ते औषध. गर्भवतीला ते आजही वर्ज्य.

या रिअॅक्शन गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही, कधी वर्ष-दोन वर्षांनी उद्भवतात. तेव्हा पुन्हा चट्टा लाल झाला म्हणजे रोग उलटलाच, असे नव्हे. नस मात्र त्याच दिवशी तपासून घ्यावी.