शनीच्या गाडीचं माहेर

जून 1994 च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं स्प्रिंग हिल हे छोटं गाव पाहुण्यांनी फुलून गेलं. सुमारे 44 हजार माणसं आली होती. कोणी शेकडो मैल गाडी हाकत आलं होतं, कोणी सुट्टी काढून मुलाबाळांसकट. जत्रा देवाची नव्हती, की एखाद्या गवयासाठी एवढी गर्दी लोटली नव्हती, जरी विनोना जड या गायिकेचा कार्यक्रम त्यात होता. ही माणसं आपली गाडी जिथे जन्मली तो कारखाना बघायला आणि ती बनवणाऱ्या कामगारांना भेटायला आली होती. कंपनीने या सोहळ्याला घरी परतण्याच्या अर्थाचं नाव दिलं होतं. मराठीत त्याला माहेरपण म्हणायला हरकत नाही. नवल एवढंच की माहेरी आलेली गाडी फार देखणी नव्हती, वेगवान नव्हती आणि महागडी तर मुळीच नव्हती. चारचौघांसारखी ती एक छोटी गाडी होती. नाव सॅटर्न.

मराठी कानाला हे नाव जरा खटकतं. ज्याची साडेसाती सुसह्य व्हावी म्हणून आपल्याकडे लोक दर शनिवारी मारुतीच्या देवळात जातात, त्या ग्रहाचं नाव आपण होऊन गाडीला कोण देईल? पण जनरल मोटर्सच्या डोळ्यासमोर ग्रह नव्हता, रॉकेट होतं. सोव्हिएत संघाशी लागलेली चंद्राची शर्यत अमेरिकेने सॅटर्न रॉकेटच्या बळावर जिंकली होती. 1982 मध्ये कंपनीत छोट्या गाडीचा विचार सुरू झाला तेव्हा शर्यत जपानशी होती.

त्या शर्यतीत अमेरिका बरीच मागे पडली होती. 1973 आणि 1979 च्या तेलसंकटांनंतर अमेरिकी गिऱ्हाईक पहिल्यांदाच पेट्रोलच्या हिशेबाने गाडी निवडू लागलं आणि टोयोटा, होंडा, डॅटसन या नावांकडे वळलं. डेट्रॉइटच्या कंपन्यांना छोटी गाडी करता येत नव्हती असं नाही. ती मनापासून करावीशी वाटत नव्हती, कारण नफा मोठ्या गाड्यांत होता. जनरल मोटर्सने 1970 मध्ये आणलेली शेव्हरोले व्हेगा गंजणाऱ्या पत्र्यासाठी आणि तापणाऱ्या इंजिनासाठी बदनाम झाली होती. ती जिथे बनायची त्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात 1972 मध्ये संपही झाला. छोट्या गाडीचा प्रश्न केवळ यंत्राचा नाही, कारखान्यातल्या माणसांच्या आपसातल्या नात्याचाही आहे, हे कंपनीच्या ध्यानात येत होतं.

म्हणून 1984 मध्ये 99 जणांचा एक गट नेमला गेला. त्यात व्यवस्थापक होते आणि युनायटेड ऑटो वर्कर्स या बलाढ्य युनियनचे कामगारही होते. या नव्याण्णवांनी जनरल मोटर्सचे 49 कारखाने आणि बाहेरच्या 60 कंपन्या पालथ्या घातल्या. परतून त्यांनी जे सुचवलं, त्याने दोन्हीकडची जुनी खोडं भुवया उंचावून बघत राहिली. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. दहा-पंधरा जणांच्या तुकड्यांनी आपलं काम आपणच वाटून घ्यायचं. पगाराचा काही भाग उत्पादन आणि दर्जा यांच्याशी बांधायचा, म्हणजे मूळ पगार इतर कारखान्यांपेक्षा कमी, पण वर्ष चांगलं गेलं तर बोनस मोठा. युनियनच्या बाजूने डॉन एफलिन यांनी या कराराचा भार उचलला, कंपनीच्या बाजूने अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी. जानेवारी 1985 मध्ये सॅटर्न ही वेगळी कंपनी म्हणूनच स्थापन झाली.

कारखाना आपल्या दारी यावा म्हणून राज्याराज्यांत चढाओढ लागली. सात राज्यांचे गव्हर्नर फिल डोनाह्यूच्या टीव्ही कार्यक्रमात हजर झाले आणि आपापल्या मुलखाची भलावण करून गेले. त्याच वर्षी नाव जाहीर झालं ते नॅशव्हिलच्या दक्षिणेला तीसेक मैलांवरच्या, जेमतेम हजार-अकराशे वस्तीच्या स्प्रिंग हिलचं. डेट्रॉइटपासून दूर, शेताकुरणांमध्ये. इथे इंजिनाच्या ओतकामापासून रंगकामापर्यंत सगळं एकाच आवारात होणार होतं. मिशिगन आणि इतर राज्यांतून कामगार बिऱ्हाडं हलवून आले.

30 जुलै 1990 रोजी पहिली गाडी बाहेर पडली. तिच्यात रॉजर स्मिथ आणि युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर एकत्र बसले होते. दुसऱ्या दिवशी स्मिथ निवृत्त झाले. हा प्रकल्प ज्याने पदराखाली घेऊन वाढवला तो माणूस गाडी रस्त्यावर येताच घरी गेला. पुढे जे घडलं त्याचं एक बीज या योगायोगातही होतं.

सुरुवातीला मात्र सगळं जमून आलं. सर्वांत स्वस्त मॉडेलची किंमत 7,995 डॉलर होती आणि ती तेवढीच होती. अमेरिकेत गाडी घेणं म्हणजे तोवर एक छळ असायचा. विक्रेता एक आकडा सांगणार, गिऱ्हाईक दुसरा, मग तो 'साहेबांना विचारून येतो' म्हणत आत जाणार आणि अर्ध्या तासाने उपकार केल्यासारखा परत येणार. सॅटर्नच्या दुकानात घासाघीसच नव्हती. पाटीवरची किंमत सगळ्यांना सारखी. विक्रेता मागे मागे फिरत नसे. घासाघिशीत आपल्याला हमखास गंडवलं जातं असा अनुभव घेतलेल्या बायकांना ही पद्धत विशेष भावली आणि सॅटर्नच्या गिऱ्हाइकांत त्यांचं प्रमाण लक्षणीय राहिलं.

किल्ली हातात देण्याचाही सोहळा असे. हातातलं काम टाकून दुकानातली माणसं गोळा होत, टाळ्या वाजवत आणि नव्या मालकाचा गाडीशेजारी फोटो काढत. काहींना ते फारच गोडगोड वाटे. पण आयुष्यातली पहिली नवी कोरी गाडी घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा नर्सला कोणीतरी आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या याचं अप्रूप असे, आणि तो फोटो पुढे कित्येक वर्षं घरात जपला जाई.

खरी परीक्षा चुका झाल्यावर झाली. पहिल्याच वर्षी आसनाच्या पाठीत दोष निघाला. अलास्कातल्या एका मालकिणीचं आसन बदलायला कंपनीने थेट माणूस पाठवला आणि त्याचीच पुढे जाहिरात केली. 1991 मध्ये पुरवठादाराकडून आलेल्या सदोष कूलंटमुळे 1,836 गाड्यांची इंजिनं बाधली. दुरुस्ती करून देणं शक्य होतं, पण कंपनीने त्या गाड्याच बदलून दिल्या. 1993 मध्ये वायरिंगमधल्या दोषामुळे आगीचा धोका दिसला आणि सुमारे साडेतीन लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या नामुष्कीच्या वेळी अनेक डीलरांनी थांबलेल्या लोकांना खाऊपिऊ घातलं आणि गाडी फुकट धुऊन दिली. लोक चिडण्याऐवजी खूश होऊन परतले. जे. डी. पॉवर या सर्वेक्षण संस्थेच्या ग्राहक-समाधानाच्या 1992 च्या यादीत सॅटर्नच्या वर फक्त लेक्सस आणि इन्फिनिटी ही दोन महागडी जपानी नावं होती.

आता गाडीबद्दल. तिचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे दारं आणि मडगार्डं प्लास्टिकची होती. आत पोलादी सांगाडा, बॉनेट, टप आणि डिकी पत्र्याची, पण बाजूचा भाग प्लास्टिकचा. सुपरमार्केटच्या आवारात ट्रॉली येऊन धडकली तरी दार आत दबून पुन्हा बाहेर यायचं. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याने चार-सहा वर्षांत गाड्यांचे पत्रे खाल्ले जातात. तिथल्या मालकांना या दारांचं मोल कळलं. त्याची किंमतही होती. ऊन-थंडीत प्लास्टिक फुगतं-आकसतं, म्हणून दोन भागांमधल्या फटी रुंद ठेवाव्या लागत आणि गाडी काहीशी ढिली दिसे. 1.9 लिटरचं इंजिन कमी पेट्रोलमध्ये पळायचं, टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी असल्याने तो खर्चही वाचायचा, पण वेग वाढला की त्याची घरघर आत ऐकू येई.

आणि ते ऑइल पीत असे. पिस्टनच्या कड्यांजवळ साचलेलं ऑइल परत खाली उतरायला पुरेशी वाट नव्हती. गाडी लाखभर मैल चालली की कडी चिकटत आणि इंजिन गुपचूप ऑइल जाळू लागे. जुन्या मालकांनी नव्यांना दिलेला पहिला सल्ला ठरलेला असे: पेट्रोल भरताना दर वेळी डिपस्टिक बघा, डिकीत एक बाटली ठेवा. शनीला तेल वाहण्याची प्रथा टेनेसीत कोणाला ठाऊक नव्हती, पण पाळावी मात्र लागली. ज्यांनी पाळली त्यांच्या गाड्या दोन लाख मैल ओलांडून गेल्या. ज्यांनी दुर्लक्ष केलं त्यांची इंजिनं जाम झाली.

1994 मध्ये 2 लाख 86 हजार गाड्या विकल्या गेल्या. माहेरपणाचा सोहळा त्याच वर्षीचा. दशकाच्या मध्यावर कामगारांना वर्षाला 10 हजार डॉलरपर्यंत बोनस मिळाला. दर्जाबद्दल ते किती कडवे होते याची चुणूक 1991 मध्येच दिसली होती. जनरल मोटर्सचे नवे अध्यक्ष रॉबर्ट स्टेम्पेल कारखान्यात आले तेव्हा कामगारांनी दंडाला काळ्या-नारिंगी फिती बांधल्या होत्या. मागणी पगारवाढीची नव्हती. उत्पादन वाढवण्याच्या घाईत सदोष गाड्या बाहेर पाठवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

1994 चा तो आकडा सॅटर्नने पुन्हा कधी गाठला नाही.

जनरल मोटर्सच्या घरात शेव्हरोले, पॉन्टियाक, ओल्डस्मोबिल अशी थोरली भावंडं होती आणि धाकट्यावर ओतलेले अब्जावधी डॉलर त्यांच्या डोळ्यांत सलत होते. छोट्या गाडीवर नफा जेमतेम सुटत होता. त्यामुळे नव्या मॉडेलसाठी पैसे मागितले की उत्तर पुढच्या वर्षी मिळे. 1990 मधली गाडी थोड्याफार रंगरंगोटीवर 2002 पर्यंत तशीच चालली. दरम्यान मालकांची आयुष्यं पुढे सरकली. ज्या मुलीने कॉलेज संपवून सॅटर्न घेतली तिचं लग्न झालं, मुलं झाली, मोठी गाडी हवी झाली. ती त्याच दुकानात, त्याच माणसांकडे गेली. त्यांनी हसून स्वागत केलं, पण दाखवायला त्यांच्यापाशी मोठी गाडी नव्हती. मग ती होंडाच्या दुकानात गेली. हजारो घरांत असंच घडलं.

पहिली मोठी सॅटर्न, एल मालिका, 1999 मध्ये आली. तिचा पाया युरोपातल्या ओपेल व्हेक्ट्राचा होता आणि ती स्प्रिंग हिलमध्ये नव्हे, डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला बनत होती. एसयूव्हीची लाट ओसंडून गेल्यावर व्ह्यू ही गाडी आली. त्या काळातल्या दोन गोष्टी चटका लावतात. जपानला नमवायला जन्मलेली सॅटर्न 1997 मध्ये उजव्या हाताचं स्टिअरिंग लावून जपानमध्ये विकायला नेली गेली आणि 2001 मध्ये तिथून परत आली. पुढे 2004 च्या व्ह्यूमध्ये सहा सिलिंडरचं जे इंजिन बसवलं ते होंडाचं होतं.

इकडे कारखान्यातला वेगळेपणाही विरत गेला. विक्री घटली तसे बोनस आटले आणि 2003 मध्ये कामगारांनी आपला खास करार सोडून युनियनच्या देशव्यापी करारात परतायचं ठरवलं. त्याच सुमारास आलेली आयॉन ही जुन्या लाडक्या गाडीची वारस होती. तिच्या इग्निशन स्विचमधला दोष गाडी बाजारात येण्याआधी, 2001 मध्येच चाचणीत दिसला होता. किल्ली जरा ओढली गेली तरी इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. 2014 मध्ये जनरल मोटर्सने या स्विचसाठी 26 लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत आयॉन होती, शेव्हरोले कोबाल्ट होती. नुकसानभरपाई निधीने 124 मृत्यू या दोषाशी जोडले. एका आसनासाठी अलास्कापर्यंत माणूस धाडणाऱ्या नावाच्या गाडीबद्दल हे वाचताना जुन्या मालकांना काय वाटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटच्या वर्षांत पैसा आला, पण उशिरा. स्काय ही दोन आसनी गाडी देखणी होती. ऑरा 2007 ची उत्तर अमेरिकेतली सर्वोत्तम कार ठरली. मात्र प्लास्टिकची दारं गेली होती आणि मार्च 2007 मध्ये स्प्रिंग हिलमधलं सॅटर्नचं उत्पादनही थांबलं. 2009 मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा शर्यतींच्या दुनियेतले नामवंत उद्योजक रॉजर पेन्स्के सॅटर्न घ्यायला पुढे आले. जून ते सप्टेंबर डीलर आणि मालक आशेवर होते. 30 सप्टेंबरला व्यवहार मोडला, कारण पुढे गाड्या बनवून द्यायला मिळालेला भिडू, रेनॉ, मागे हटला होता. ऑक्टोबर 2010 अखेर उरलेल्या दुकानांचे करार संपले.

स्प्रिंग हिलची वस्ती आज 50 हजारांवर गेली आहे. त्या कारखान्यात कॅडिलॅकच्या गाड्या बनतात, विजेवर चालणारी लिरिकही. जनरल मोटर्सची ईव्ही-वन ही विजेची गाडी 1996 मध्ये भाड्याने दिली जात होती ती सॅटर्नच्याच दुकानांतून, हे आता फारसं कोणाच्या लक्षात नसतं.

जुन्या सॅटर्न अजून अधूनमधून रस्त्यावर दिसतात. सुट्या भागांसाठी मालक भंगारवाडे धुंडाळतात. तिथे उभ्या असलेल्या गाडीचा तळ गंजून भुगा झालेला असतो, बॉनेटवरचा रंग उडालेला असतो, पण दार शाबूत असतं. आपल्या गाडीच्या रंगाचं दार सापडलं की माणूस पाना काढतो, दार खोलतो आणि डिकीतली ऑइलची बाटली बाजूला सारून ते आत ठेवतो.