उभ्या गाडीची बॅटरी

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं येईल. मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, अशा मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरानें मोटारसायकलच्या बॅटरीवर काय बोलावें? परंतु अद्दल घडून जी गोष्ट समजते ती माणूस सहसा विसरत नाहीं. आणि ती चार जणांना सांगितल्यावांचून मास्तराला चैन पडत नाहीं.

माझें गांव वरवे बुद्रुक. पुणें-सातारा महामार्गानें खेड-शिवापूर मागें टाकून नसरापुराकडे येऊं लागलें म्हणजे भोर तालुक्यांत तें रस्त्याच्या कडेलाच लागतें. माझा मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. गणपतीला आणि दिवाळीला तो घरीं येतो. एरवीं त्याची मोटारसायकल पडवींत ताडपत्रीखालीं उभी असते. जातांना त्यानें मला बजावलें होतें, "बाबा, आठवड्यांतून एकदां गाडी चालू करून पांच मिनिटें ठेवीत जा." मी पडलों शिस्तीचा माणूस. दर रविवारीं सकाळच्या बातम्या संपल्या कीं मी ताडपत्री काढीत असें, बटण दाबीत असें, घड्याळाकडे पाहून बरोबर पांच मिनिटें इंजिन चालवीत असें, आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानानें चहाला बसत असें.

एका श्रावणांत रात्रीं दोनच्या सुमारास शेजारच्या वहिनी दार ठोठावीत आल्या. त्यांच्या यजमानांना दमा आहे. त्या रात्रीं जोराची धाप लागलेली, आणि औषध ओढावयाचा पंप नेमका संपलेला. नसरापुराहून औषध आणावयाचें होतें. त्यांचा पुतण्या माझ्या मुलाच्या गाडीवर बसला आणि त्यानें बटण दाबलें. आंतून नुसता 'टक् टक्' असा आवाज आला आणि समोरचा दिवाहि मालवला. या नव्या गाडीला पायानें मारावयाची किक नाहीं. भर पावसांत आम्हीं ती ढकलून पाहिली, तरी ती चालू होईना. इंजिनाला पेट्रोल पुरविणारा पंपच विजेवर चालतो. त्याला वीज मिळाली नाहीं, तर गाडी ढकलून काय होणार? शेवटीं पुतण्यानें धांवत महामार्ग गांठला, एका दुधाच्या टेम्पोला हात केला, आणि पाऊण तासानें औषध घरांत आलें. शेजारी वांचले. परंतु तो पाऊण तास त्यांच्या उशाशीं बसून मीं त्यांचा एकेक श्वास ऐकला आहे, तो अजून माझ्या कानांत आहे.

दुसऱ्या दिवशीं गांवांतल्या मेकॅनिकनें बॅटरी तपासली आणि तो म्हणाला, "गुरुजी, ही म्हातारी होऊन मेली नाहीं, उपाशी मेली." मी जरा रागानेंच म्हटलें, "अरे, दर रविवारीं गाडी चालू करीत होतों मी!" तो हंसला आणि म्हणाला, "मग आतां तुम्हीच हिशेब मांडा."

तो हिशेब मी आपणांपुढें मांडतों. त्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि ५ अँपिअर-तासांची. म्हणजे अर्धा अँपिअर प्रवाह दहा तास पुरेल, एवढा तिच्यांत सांठा. गाडीची किल्ली काढून घेतली तरी आंतलें घड्याळ, इंजिन सांभाळणारा लहानसा संगणक आणि बसविला असल्यास चोरांपासून राखणारा अलार्म, हे सारे थोडी थोडी वीज पीतच असतात. मेकॅनिकनें मीटर लावून दाखविलें कीं, आमच्या गाडींत ही गळती तीन मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचे तीन सहस्रांश आहे. ऐकतांना ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु आठवड्याचे तास १६८. त्यांना तिनानें गुणलें कीं ५०४ मिलिअँपिअर-तास होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. हा झाला खर्च.

आतां जमा पाहूं. इंजिन जागच्या जागीं मंद चालत असतांना त्याचा जनरेटर वीज थोडीच करतो. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडील नव्या दुचाकींचा पुढचा दिवा, इंजिन चालू असेपर्यंत, जळतच राहतो. तोहि त्याच विजेंतून आपला वाटा घेतो. यांतून उरलेला अर्धा अँपिअर बॅटरीकडे पोंचला असें उदारपणें धरलें, तरी पांच मिनिटांत जमा होतो एका अँपिअर-तासाचा चोविसावा भाग. आणि इंजिन सुरू करतांना सेल्फनें घेतलेली वीज जवळजवळ तेवढीच असते! तेव्हां रविवारची जमा रविवारींच खर्च झाली, आणि आठवड्याची गळती जशीच्या तशी राहिली. अर्ध्या अँपिअर-तासाप्रमाणें दहा आठवड्यांत पांच अँपिअर-तास संपले. मी वर्गांत मुलांना सांगत असें कीं, उत्तर आलें तरी ताळा करून पाहा. स्वतःच्या रविवारच्या नेमाचा ताळा मात्र मीं कधीं केला नव्हता.

बॅटरी गाडीपासून सोडवून ठेवली, तरी ती आपली आपण उतरतच असते. आजच्या बंद बॅटरींत ही उतरण २५ अंश उष्णतेस महिन्याला सुमारें शेंकडा तीन असते; आणि उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं उतरणीची गति जवळजवळ दुप्पट होते. म्हणून चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेली बॅटरी लवकर बसते.

पण उतरलेली बॅटरी पुन्हां भरतां येत नाहीं काय? येते, फार उशीर झाला नसेल तर. शिशाची बॅटरी १८५९ मध्यें गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें प्रथम बनविली, आणि तिचा मोठा गुण हाच कीं ती पुन्हां पुन्हां भरतां येते. आपल्या गाडीच्या बॅटरींत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांहून किंचित् अधिक दाब देतो. प्रत्येकांत पातळ गंधकाम्ल आणि त्यांत शिशाच्या पट्ट्या. एका जातीच्या पट्टीवर मऊ सच्छिद्र शिसें असतें, दुसरीवर शिशाचा प्राणवायूशीं झालेला संयोग असतो. वीज वापरली जाते तेव्हां आम्लांतला गंधकाचा अंश दोन्हीं पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि तेथें लेड सल्फेट तयार होतें. आम्ल पाणचट होत जातें. बॅटरी भरतांना हीच क्रिया उलट होते.

येथें आपल्या स्वयंपाकघरांतला एक दाखला घ्यावा. नुकतेंच जमलेलें लेड सल्फेट पिठीसाखरेसारखें बारीक असतें. वीज सोडतांच तें विरघळून आम्लांत परत जातें. परंतु बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या स्थितींत पडून राहिली, तर त्याच पिठीसाखरेची खडीसाखर होते. मोठे, कठीण खडे पट्टीवर घट्ट बसतात आणि विजेला दाद देत नाहींत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद झाला. यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: गाडीची बॅटरी वापरानें जेवढी झिजते, त्याहून अधिक ती रिकामी पडून राहिल्यानें नासते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हां याचा अनुभव पुष्कळ घरांनीं घेतला. आमच्या आळींतल्याच कितीतरी दुचाकी त्या उन्हाळ्यानंतर बटणाला जुमानीनात.

यावर उपाय म्हणून जें यंत्र मिळतें, त्याला बाजारांत मेंटेनन्स चार्जर म्हणतात. हातांत मावेल एवढी ही पेटी. एक वायर घरच्या प्लगला, दुसरीचे दोन चिमटे बॅटरीला. जुना साधा चार्जर आणि हा, यांतला भेद नीट समजून घेतला पाहिजे. साधा चार्जर बॅटरी भरली कीं नाहीं हें न पाहतां वीज कोंबीत राहतो. तो काढावयाचें विसरलें कीं आंतल्या पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायु होऊन उडून जातात, पट्ट्या झिजतात, आणि बॅटरी बंद जातीची असल्यास तें पाणी पुन्हां भरतांहि येत नाहीं. मेंटेनन्स चार्जर बॅटरीचा दाब सारखा पाहत असतो. आरंभीं तो ठराविक प्रवाह सोडतो. दाब १४.४ व्होल्टच्या आसपास पोंचला कीं तो तेथेंच धरून ठेवून प्रवाह हळूहळू कमी होऊं देतो. पोट भरलें असें दिसतांच दाब १३.५ व्होल्टच्या आसपास उतरवितो, किंवा थांबतो, आणि मग जेवढें गळेल तेवढेंच भरून काढतो. देवघरांतल्या नंदादीपांत जळेल तेवढेंच तेल घालीत राहावें, तसा हा प्रकार आहे.

चार्जर घेतांना त्याचा प्रवाह आपल्या बॅटरीला साजेसा पाहावा. बॅटरीच्या अँपिअर-तासांचा सुमारें दहावा भाग, हा जुना आणि सुरक्षित नियम. थोडें अधिक झालें तरी चालतें. मोठ्या मोटारीचा पांच-दहा अँपिअरचा चार्जर मोटारसायकलच्या लहानग्या बॅटरीला लावूं नये. बॅटरी लिथियमची असेल, तर लिथियमसाठींच बनविलेला चार्जर हवा. शिशाच्या बॅटरीचा लावणें धोक्याचें आहे. आमच्यासारख्या खेड्यांत पावसाळ्यांत वीज वारंवार जाते. म्हणून वीज परत आल्यावर जो आपोआप कामाला लागतो असाच चार्जर घ्यावा. कांहींना पुन्हां बटण दाबावें लागतें, आणि तें दाबावयास घरीं कुणी नसतें.

जोडण्याची रीत अशी. आधीं लाल चिमटा धन टोंकाला, मग काळा ऋण टोंकाला, आणि शेवटीं प्लगचें बटण चालू करावें. काढतांना आधीं बटण बंद, मग चिमटे. बॅटरी गाडींतून बाहेर काढावयाची असल्यास ऋण टोंकाची वायर प्रथम सोडावी व बसवितांना ती शेवटीं जोडावी. म्हणजे पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. जागा हवेशीर असावी. जवळ शेगडी, उदबत्ती, विडी कांहीं नको, कारण हायड्रोजन पेट घेतो. झांकणें उघडणारी जुन्या धर्तीची बॅटरी असेल, तर पाण्याची पातळी दोन रेघांच्या मध्यें आहे हें पाहून कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावें. नळाचें पाणी नाहीं आणि आम्लहि नाहीं. आम्ल अंगावर उडालें तर तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेलें तर धूत धूत डॉक्टर गांठावा.

शहरांतल्या श्रोत्यांची अडचण निराळी असते. गाडी खालीं पार्किंगमध्यें आणि प्लग तिसऱ्या मजल्यावर. त्यांनीं गच्चीवरून वायर लोंबती सोडूं नये. बॅटरी काढून वर आणावी आणि पंधरा दिवसांतून एक रात्र गॅलरींत चार्जरवर ठेवावी. तेवढ्यानें काम भागतें. चार्जर सतत ठेवला आणि त्याला सरासरी ५ वॅट वीज लागते असें धरलें, तरी महिन्याचे ७२० तास गुणिले ५, म्हणजे ३.६ युनिट. हा खर्च कोणत्याहि घराला जड नाहीं. ज्याला चार्जर घ्यावयाचा नाहीं, त्यानें पांच मिनिटांचा नेम सोडून आठवड्यांतून निदान अर्धा तास गाडी रस्त्यावर धांववावी. तेवढ्यानें इंजिन नीट तापतें, आणि सायलेन्सरमध्यें पाणीहि सांचून राहत नाहीं.

मात्र या यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा धरूं नये. पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीनें १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविले पाहिजेत. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. भरूनहि ती साडेदहाच्या आसपासच राहिली, तर सहांपैकीं एक कप्पा गेला असें समजावें. ती बदलण्यावांचून गति नाहीं. जुनी बॅटरी भंगारांत फोडावयास देऊं नये. नवी घेतांना दुकानदाराकडेच परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांचा रोंखहि हाच आहे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, हें मास्तर या नात्यानें मला विशेष सांगावेंसें वाटतें.

आतां आमच्या पडवींत ताडपत्रीच्या कडेला एक बारीक हिरवा दिवा रात्रंदिवस दिसतो. शेजारच्या वहिनींनीं दोन पंप आगाऊ आणून ठेवले आहेत, आणि गाडीची किल्ली कोठें टांगलेली असते तें त्यांच्या पुतण्याला ठाऊक आहे. आपल्याहि घरीं एखादी गाडी परगांवीं गेलेल्या मुलाची वाट पाहत उभी असेल. आज सायंकाळीं तिच्या बॅटरीचा दाब एकदां मोजून पाहावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.