सुरक्षित क्षेत्र, पण कुणाच्या बळावर?

संयुक्त राष्ट्रसंघाचं निळं हेल्मेट घातलेल्या सैनिकाला गोळी झाडता येत नाही, म्हणूनच बोस्नियातल्या स्रेब्रेनिकासारख्या ठिकाणी तो बघत उभा राहतो, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पण तो चुकीचा आहे. निःशस्त्र असतात ते लष्करी निरीक्षक. काश्मीरमध्ये 1949 पासून आहेत ते असेच. शांतिसेनेच्या पलटणी मात्र शस्त्रं घेऊन जातात आणि स्वसंरक्षणासाठी ती वापरतात. काँगोत तर यादवी टाळण्यासाठी, अखेरचा उपाय म्हणून बळ वापरायला सुरक्षा परिषदेनेच फेब्रुवारी 1961 मध्ये मुभा दिली होती. त्याच वर्षी 5 डिसेंबरला एलिझाबेथव्हिलमध्ये रस्ता अडवून बसलेल्या, काँगोतून फुटू पाहणाऱ्या कटांगा प्रांताच्या सैनिकांवर मूठभर गुरख्यांनिशी चालून जाताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

मग स्रेब्रेनिकात काय झालं? एप्रिल 1993 मध्ये परिषदेने ते ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं. जिनिव्हा करारांतलं सुरक्षित क्षेत्र दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरतं आणि तिथे सैन्य नसतं. इथे संमतीही नव्हती आणि सैन्यही पुरतं हटलं नव्हतं. जूनमधल्या 836 क्रमांकाच्या ठरावात शांतिसेनेकडे हल्लेखोरांना ‘परावृत्त’ करण्याचं काम सोपवलं गेलं. ‘रक्षण करा’ असं लिहिणं परिषदेने कटाक्षाने टाळलं. रक्षणाची जबाबदारी घेतली की तेवढं सैन्य द्यावं लागतं, हे सदस्यदेश जाणून होते. बोस्नियातल्या सगळ्या सुरक्षित क्षेत्रांसाठी सुमारे 34,000 जादा सैनिक लागतील असा अंदाज मांडला गेला. मंजूर झाले 7,600. विमानहल्ल्यांसाठी ‘दुहेरी किल्ली’ होती, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ आणि नाटो दोघांनी होकार दिल्याशिवाय बॉम्ब पडत नसे. 11 जुलै 1995 रोजी शहर बोस्नियन सर्ब फौजेच्या हाती पडलं तेव्हा तिथे हलक्या शस्त्रांची काहीशे डच माणसं होती. पुढच्या काही दिवसांत सुमारे 8,000 पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्या लोकांना दिलेला शब्द पाळायची तयारी मुळातच नव्हती, आणि ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

यावर कुणी म्हणेल, दोष ठरावावर ढकलला की सैनिक मोकळे सुटतात. तसं होत नाही. शांतिसेना ही संयुक्त राष्ट्रसंघाची स्वतःची फौज असते हाही गैरसमजच आहे. तिच्या सेनापतीकडे फक्त ‘ऑपरेशनल कंट्रोल’ असतो, म्हणजे ठरलेल्या कामापुरता हुकूम. शिस्त, बढती आणि कोर्टमार्शल मायदेशाच्या हाती राहतात. जबाबदारीही मायदेशाकडे जाते. डच तळावरून बाहेर पाठवल्या गेलेल्या सुमारे 350 पुरुषांच्या बाबतीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये डच सरकारला 10 टक्के उत्तरदायी धरलं. उरलेल्या दोषाचा मोठा वाटा मारेकऱ्यांचा. पण अपुरं सैन्य देऊन क्षेत्राला सुरक्षित म्हणणाऱ्यांवर कुठल्याच न्यायालयात खटला चालत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मग ठरावातच कडक शब्द घालावेत. तसेही घातले गेलेत. मार्च 2013 मध्ये परिषदेने काँगोसाठी सशस्त्र गटांना ‘निष्प्रभ’ करणारी ब्रिगेड उभी केली. दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीचे सुमारे 3,000 सैनिक, सोबत तोफखाना. नोव्हेंबरपर्यंत तिथल्या सशस्त्र गटांपैकी एम-23 हे बंडखोर हरले. पुढे तेच बंडखोर रवांडाच्या फौजेच्या पाठबळाने परतले आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांनी काँगोतलं गोमा शहर घेतलं. ब्रिगेड तेव्हाही होती, ठरावातला अधिकारही होता. समोरची ताकद मात्र 2013 सालची राहिली नव्हती.