प्रौढ वयातील दंतसुधारणा : परवडणाऱ्या उपचारांची वाट

वेडेवाकडे दात सरळ करण्याचे उपचार शालेय वयातच होतात, एकदा वय उलटले की दात जागचे हलत नाहीत, असा समज ग्रामीण भागात आणि शहरांतही रूढ आहे. या समजाला शास्त्रीय आधार नाही. हिरड्या निरोगी असतील आणि दातांभोवतीचे हाड पुरेसे असेल, तर तिशीत, चाळिशीत किंवा त्यानंतरही दात योग्य जागी आणता येतात. प्रौढांच्या मार्गातील खरी अडचण बहुधा वयाची नसून खर्चाची आणि माहितीच्या अभावाची असते. लहानपणी घरची परिस्थिती बेताची म्हणून हा उपचार राहून गेलेल्या व्यक्तीस स्वतः मिळवती झाल्यावर तो कोठे व कसा घेता येईल, याची माहिती शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना असणे उपयुक्त ठरेल.

केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे

दातांची गर्दी झाली असेल तर एकमेकांवर चढलेल्या दातांच्या सांध्यांत अन्नकण अडकतात व तेथे ब्रश पोहोचत नाही. परिणामी कीड लागते आणि हिरड्या सुजतात. वरचे दात फार पुढे आलेले असल्यास पडझडीत किंवा अपघातात ते तुटण्याचा धोका वाढतो. खालचे दात वरच्या टाळूवर टेकत असतील तर तेथील हिरडीला इजा होते. दातांची जुळणी फारच बिघडली असेल तर घास नीट चावला जात नाही. याखेरीज, चारचौघांत बोलताना व हसताना तोंडावर हात धरण्याची सवय लागलेल्या व्यक्तीचा संकोच नोकरीच्या मुलाखतीत आणि विवाहाच्या बोलणीत तिच्या आड येतो. हे दुःख लहान मानण्याचे कारण नाही.

दात हलतो कसा?

दात हा खिळ्याप्रमाणे हाडात ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेच्या साहाय्याने दातावर सौम्य पण सतत दाब दिला, की ज्या बाजूस दाब पडतो त्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते व मागील बाजूस नवे हाड तयार होते. ही क्रिया आयुष्यभर चालू राहू शकते. सर्वसाधारणपणे दात महिन्याला सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी सरकतो. म्हणूनच पूर्ण उपचारास दीड ते अडीच वर्षे लागतात. जास्त दाब देऊन काम लवकर उरकण्याचा प्रयत्न केल्यास दाताच्या मुळाला अपाय होण्याचा संभव असतो.

मुलांमध्ये जबड्याची वाढ चालू असल्याने तिला वळण देता येते. प्रौढांत ही सोय नसते. त्यामुळे जागा करण्यासाठी काही वेळा उपदाढा काढाव्या लागतात, आणि जबड्यांतच मोठा दोष असल्यास शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. प्रौढांच्या बाबतीत आणखी एक पथ्य महत्त्वाचे आहे. हिरड्यांचा रोग असताना तारा बसविल्यास हाडाची झीज वाढून दात ढिले होतात. म्हणून प्रथम हिरड्यांचे उपचार, किडलेल्या दातांची भरणी आणि मधुमेह असल्यास त्यावर नियंत्रण, हा क्रम पाळावा लागतो. तंबाखू, गुटखा व मिश्री सोडणे हा तर उपचाराचा पाया होय.

खर्च कशाचा असतो?

या उपचाराचा खर्च अनेक भागांचा मिळून होतो : तपासणी, क्ष-किरण चित्रे व दातांचे साचे, दाताला चिकटवावयाच्या पट्ट्या, म्हणजे ब्रॅकेट, आणि तारा, दर महिन्याच्या भेटी, आवश्यक तेथे दात काढणे, आणि शेवटी दात जागेवर टिकवून धरणारे साधन, म्हणजे रिटेनर. खर्चाचा अंदाज घेताना हे सर्व भाग धरले आहेत किंवा नाहीत, हे विचारून घ्यावे.

धातूचे ब्रॅकेट सर्वांत स्वस्त असतात. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट किंवा पारदर्शक साचे महाग पडतात. हा जादा खर्च मुख्यतः साधन दिसू नये यासाठी असतो. दात सरळ करण्याच्या कामात धातूचे साधे साधन कोठेही कमी पडत नाही. निकेल या धातूची ॲलर्जी असल्यास मात्र ते आधी सांगावे.

दंत महाविद्यालयांचा मार्ग

कमी खर्चात विश्वासार्ह उपचार मिळण्याचे प्रमुख ठिकाण म्हणजे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय होय. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत. मुंबई सेंट्रलजवळील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय हे मुंबई महानगरपालिकेचे आहे. गोव्यात बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय आहे. राज्यातील अनेक खाजगी दंत महाविद्यालयांतही खाजगी दवाखान्यांपेक्षा कमी शुल्क आकारले जाते.

येथे उपचार करतात ते दंतवैद्यकाची पदवी घेऊन या विषयात ३ वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम करणारे डॉक्टर. त्यांच्या कामावर अध्यापकांची देखरेख असते. काम सावकाश चालते, परंतु प्रत्येक टप्पा तपासला जातो. प्रथम बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढावा लागतो. तेथून ऑर्थोडोंटिक्स विभागाकडे पाठविले जाते. रुग्णसंख्या जास्त असल्यास प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते. उपचार अर्धवट असताना संबंधित डॉक्टरांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, तर रुग्ण पुढील विद्यार्थ्याकडे सोपविला जातो. अशा वेळी खोळंबा टाळण्यासाठी केसपेपर, क्ष-किरण चित्रे व पावत्या जपून ठेवाव्यात.

पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा, आणि शुल्कात सवलत मिळू शकते काय, याची चौकशी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे करावी. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेला मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी आहे. दंत महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. त्यामुळे तेथे सर्व काही मोफत मिळेल, अशी अपेक्षा ठेवून गेलेल्या रुग्णाची निराशा होते.

प्रवासाचा हिशेब

शुल्क कमी असले तरी प्रवास आणि बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे. समजा, एका फेरीस प्रवास व जेवण मिळून ४०० रुपये लागतात आणि ५०० रुपयांची मजुरी बुडते. दोन वर्षांच्या २४ फेऱ्यांचा खर्च २१,६०० रुपये होतो. म्हणून दूरच्या गावातील व्यक्तीने जवळच्या तालुक्यातील खाजगी तज्ज्ञाचे हप्त्याने द्यावयाचे शुल्क आणि महाविद्यालयाचा एकूण खर्च यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा. एस.टी.च्या प्रवासात महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. तिचा हिशेब यात धरावा.

स्वस्ताईच्या सापळ्यापासून सावध

बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून दात बसवून देणारे, तसेच दात तासून त्यावर टोप्या चढवून ‘आठवड्यात सरळ दात’ देण्याचे आश्वासन देणारे आढळतात. तासलेला निरोगी दात पुन्हा पूर्ववत होत नाही. दंतवैद्य अधिनियम, १९४८ नुसार दंतवैद्यकाच्या व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक करण्यात आली. दवाखान्यात नोंदणी प्रमाणपत्र पाहण्याचा आणि डॉक्टरांनी याच विषयात एम.डी.एस. केले आहे काय, हे विचारण्याचा संकोच करू नये. तोंड प्रत्यक्ष न तपासता व क्ष-किरण चित्र न काढता केवळ छायाचित्रावरून घरपोच साचे पाठविणाऱ्यांपासूनही दूर राहणे हिताचे आहे.

तारा काढल्यानंतर

तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला, असे समजून अनेक जण रिटेनर वापरणे सोडतात. हिरडीतील ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढतात आणि दोन वर्षांचे श्रम व पैसा वाया जातो. प्रौढांनी रिटेनर दीर्घकाळ, बहुधा रात्री कायमच, वापरावा लागतो. तो हरवल्यास नवा करण्याचा खर्च आधीच लक्षात घ्यावा.

शाळांच्या आरोग्य तपासणीत मुलांच्या दातांकडे लक्ष दिले जाते. त्याच वेळी पालकसभेत आणि ग्रामसभेत प्रौढांनाही ही माहिती देता येईल. जवळच्या दंत महाविद्यालयाचा पत्ता, बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि सोबत न्यावयाच्या कागदपत्रांची यादी पंचायतीच्या फलकावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. वय उलटून गेले म्हणून गप्प बसलेल्या एखाद्यास त्या फलकावरून योग्य दार सापडेल.