एआयची चित्रं आणि घरबसल्या डॉलर

चित्र काढता येत नसलं तरी चालेल, चार शब्द टाइप करा, तयार झालेलं चित्र वेबसाइटवर चढवा आणि घरबसल्या डॉलर कमवा, असं सांगणारे मराठी व्हिडिओ आता सहज सापडतात. यातला चित्राचा भाग खरा आहे. २०२२ च्या जुलैत मिडजर्नी आणि ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन ही चित्र काढणारी एआय साधनं सर्वांसाठी खुली झाली, आणि ज्यांनी कधी ब्रश हातात धरला नव्हता त्यांनाही देखणं चित्र मिळू लागलं. गैरसमज सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. चित्र तयार करणं सोपं झालं म्हणजे ते विकणंही सोपं झालं असणार, असं आपण धरून चालतो. बाजारात मात्र याच्या उलट घडतं. जी वस्तू विकणाऱ्याला मिनिटभरात मिळते ती घेणाऱ्यालाही मिनिटभरात मिळते; मग त्याने पैसे द्यायचे ते कशाचे? नोकरी सांभाळून जोडधंदा शोधणाऱ्या तरुणांनी, गृहिणींनी आणि निवृत्तांनी पदरचा पैसा घालण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा, असं मला कळकळीने वाटतं.

‘पण अशी चित्रं लाखोंना विकली गेली आहेतच की’, हा पहिला प्रतिवाद असतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने ‘एडमंड द बेलामी’ हे यंत्राने घडवलेलं व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला विकलं. लिलावापूर्वीचा अंदाज होता ७ ते १० हजार डॉलरचा. पण ते चित्र पॅरिसच्या ‘ऑब्व्हियस’ या गटाने जुनी हजारो व्यक्तिचित्रं अल्गोरिदमला शिकवून तयार केलं होतं. एवढ्या मोठ्या लिलावगृहात असं चित्र येण्याची ती पहिलीच वेळ होती आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडे होतं. घेणाऱ्याने किंमत मोजली ती त्या पहिलेपणाची. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन यांच्या मिडजर्नीतून घडवलेल्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं आणि जगभर वाद पेटला. बक्षिसाची रक्कम होती ३०० डॉलर. पहिलं येणाऱ्याला मिळालेली किंमत त्यामागून येणाऱ्या लाखोंना मिळत नाही, हे यातून कळावं.

आता साधा हिशेब मांडू. हस्तकला आणि डिजिटल फाइल विकण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एट्सीवर प्रत्येक वस्तू मांडायला २० सेंट पडतात आणि ती मांडणी चार महिने टिकते. विक्री झाली की ६.५ टक्के शुल्क कापलं जातं. पैसे स्वीकारण्याचं शुल्क वेगळं. शंभर चित्रं वर्षभर मांडून ठेवली तर ६० डॉलर गेले. मिडजर्नीची सर्वांत स्वस्त मासिक वर्गणी १० डॉलरची, म्हणजे वर्षाचे १२०. एकही चित्र विकलं जाण्याआधी १८० डॉलर खर्ची पडले. तीन डॉलरला एक फाइल विकली, तर नुसता हा खर्च भरून काढायला साठ-सत्तर विक्री लागतात. आणि त्या होणार कुठे, तर जिथे तशीच ‘मांजर आणि चंद्र’ धाटणीची असंख्य चित्रं आधीपासून पडून आहेत तिथे. तयार चित्रांचा वापर-परवाना विकणाऱ्या ‘स्टॉक’ बाजाराचंही तेच. ॲडोबी स्टॉकने डिसेंबर २०२२ पासून एआय चित्रं अटींसह स्वीकारली आणि तिथे चित्र देणाऱ्याला किमतीच्या ३३ टक्के वाटा मिळतो. गेटी इमेजेसने मात्र सप्टेंबर २०२२ मध्येच दार बंद केलं, आणि शटरस्टॉकही बाहेरून आलेली एआय चित्रं विक्रीला घेत नाही. शिवाय ॲडोबीने २०२३ मध्ये फायरफ्लाय हे स्वतःचं चित्रनिर्मितीचं साधन आणलं. म्हणजे जो ग्राहक तिथे चित्र शोधायला येतो, त्याच्या हाताशी चित्र तयार करून घेण्याची सोयही आहे. तुमची स्पर्धा आता खुद्द तुमच्या गिऱ्हाइकाशी आहे.

दुसरा मोठा गैरसमज मालकीचा. ‘शब्द माझे, कल्पना माझी, म्हणून चित्रही माझं’, असं बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेबाबत निर्णय दिला: मजकुराला आणि मांडणीला संरक्षण, मिडजर्नीने दिलेल्या चित्रांना नाही. जेसन ॲलन यांनी आपण किमान ६२४ वेळा सूचना बदलल्याचं सांगितलं, तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना नोंदणी नाकारण्यात आली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने संगणकशास्त्रज्ञ स्टीफन थेलर यांच्या खटल्यात लेखक माणूसच असायला हवा, हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या कार्यालयाच्या अहवालाचं सार असं, की नुसत्या लेखी सूचनांनी कर्तेपण येत नाही. माणसाने चित्रात स्वतः केलेले बदल, निवड, रचना यांना मात्र संरक्षण मिळू शकतं. भारतात काही जण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २(ड) कडे बोट दाखवतात. १९९४ च्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं त्यात आहे. पण ती तरतूद आजची साधनं येण्याच्या कितीतरी आधीची, आणि ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान सर्जनशीलतेची अट घातलेली आहे. २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ या चित्रासाठी माणसासोबत ‘राघव’ या एआय साधनाला सहकर्ता म्हणून नोंदवण्यात आलं, आणि पुढच्याच वर्षी भारताच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस पाठवली. एवढ्या डळमळीत जमिनीवर दुकान थाटू नये.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: कॉपीराइट नाही म्हणजे विकणंच बेकायदेशीर. हेही चूक. साधनाच्या अटी परवानगी देत असतील तर विक्री करता येते. अडचण वेगळी आहे. तुमचं खपणारं चित्र उद्या कोणी जसंच्या तसं उचललं आणि निम्म्या भावात मांडलं, तर त्याला अडवायला तुमच्या हातात फारसं काही नसतं. उत्पन्न टिकायला जी मक्तेदारी लागते, ती इथे मिळत नाही.

‘कंपनीने व्यावसायिक वापराची परवानगी दिली आहे, मग धोका कसला?’ ही समजूत तर महागात पडू शकते. ती परवानगी कंपनी आणि तुमच्यातली असते. तिसऱ्या माणसाचे हक्क त्यात येत नाहीत. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी मिडजर्नीवरच खटला भरला, कारण साधनातून त्यांची पात्रं बाहेर पडत होती. अशा पात्राचं पोस्टर विकणारा विक्रेताही त्याच कचाट्यात सापडू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज यांचा एआयने केलेला व्यापारी वापर रोखला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना तसंच संरक्षण दिलं. नटाचा चेहरा छापलेला टी-शर्ट विकण्याआधी हे निकाल आठवावेत. आपल्याकडचा आणखी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यंत्राने काढलेल्या काड्यांच्या आकृत्या ‘अस्सल वारली चित्र’ म्हणून विकणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक, आणि त्या मानांकनाचा भंगही ठरू शकतो. पालघरच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी जगासमोर नेलेल्या कलेचं नाव वापरायचं आणि पैसा त्या पाड्यांकडे वळू द्यायचा नाही, याला मी अन्यायच म्हणेन.

मग चित्र एआयचं आहे हे सांगायचंच कशाला, असाही सल्ला दिला जातो. सांगावंच लागतं. ॲडोबी स्टॉकवर तशी खूण करणं बंधनकारक आहे, ॲमेझॉनच्या केडीपी या पुस्तक प्रकाशनसेवेवर २०२३ पासून पुस्तकातल्या एआय चित्रांची माहिती द्यावी लागते, आणि एट्सीच्या २०२४ च्या नियमांतही एआयचा वापर वर्णनात नमूद करायचा आहे. लपवलं आणि उघडकीस आलं, तर खातं बंद होऊन साठलेली कमाईही हातची जाऊ शकते.

शेवटी राहतो सगळ्यांत वजनदार आक्षेप: काही माणसं खरोखर कमावतात, त्याचं काय? कमावतात, हे मान्यच आहे. पण ती काय विकतात ते बारकाईने बघा. मसाल्याच्या छोट्या उद्योजिकेला पुड्यावर छापायचं लेबल हवं असतं. त्यासाठी छपाईचे रंग, मोजमाप आणि कायद्याने आवश्यक मजकूर जमून यावा लागतो. मंडळाला गणेशोत्सवाची पत्रिका दोन दिवसांत हवी असते, आणि एआयच्या चित्रांत देवनागरी जोडाक्षरं अजूनही अनेकदा चुकतात, म्हणून मजकूर माणसालाच बसवावा लागतो. दिवाळी अंकाच्या संपादकाला मुखपृष्ठ चार वेळा बदलून हवं असतं. या कामांत एआय मदतीला येतं, वेळ वाचवतं. गिऱ्हाईक मात्र पैसे देतं ते त्याची गरज समजून घेतल्याचे, दुरुस्त्यांचे आणि शब्द पाळल्याचे. छायाचित्रणाचं उदाहरण इथे अनेक जण देतात. तेही माझ्याच बाजूने साक्ष देतं, कारण प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यानंतरही लग्नाला माणूस बोलावला जातो तो कामाच्या खात्रीसाठी.

कराबद्दल थोडक्यात: परदेशी संकेतस्थळावरून आलेले डॉलरही भारतात राहणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरले जातात, आणि अमेरिकी कंपन्या सहसा विक्रेता अमेरिकेबाहेरचा असल्याचं सांगणारा डब्ल्यू-८ बेन हा अर्ज भरून घेतात.

एवढं वाचूनही कोणी हा व्यवसाय शिकवणारा कोर्स घ्यायचं ठरवलं असेल, तर एक विनंती. फी भरण्याआधी शिकवणाऱ्याकडे गेल्या वर्षाचे दोन आकडे मागा: चित्रं विकून किती मिळाले आणि कोर्स विकून किती. हे दोन आकडे वेगवेगळे दाखवायची ज्याची तयारी नसेल, त्याला फी देऊ नका.