बांधावरचा ताओ

आषाढात नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या भातखाचरांच्या बांधावरून जायचं तर शहरातली चाल कामाची नाही. बांध अरुंद, त्यावर चिखल. आपण एरवी चालताना अंग पुढे झोकून देतो आणि पाय मागाहून येऊन सावरतो. इथं तसं केलं की माणूस थेट खाचरात. डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन जाणारी बाई पुढचा पाय आधी नुसता टेकवते, जमीन चाचपते आणि पाऊल बसलं असं वाटलं की मगच अंगाचा भार त्यावर घेते. गुडघे सैल, मान सरळ, नजर दोन पावलं पुढे. ताई-ची शिकवणारा चिनी शिक्षक सुरुवातीचे आठवडेच्या आठवडे हेच घोटून घेतो. एक पाय रिकामा, एक भरलेला, आणि भार एकातून दुसऱ्यात हळूहळू जायला हवा.

ताई-ची ताओवादाशी जोडली जाते, पण म्हणून सुरगाणा ताओवादी आहे, असं कुणी समजू नये. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल या इथल्या समाजांचे स्वतःचे देव आहेत, डोंगऱ्या देवाचा उत्सव आहे, धान्यदेवता कणसरीच्या कथा आहेत. त्यांना लाओत्सची गरज नाही. गरज असलीच तर आपल्याला आहे, कारण शनिवार-रविवार हिरव्यागार डोंगरात ‘ऊर्जा’ भरून घेणारी शिबिरं आपण पैसे मोजून करतो आणि तिथं जे शिकवतात ते रस्त्यापलीकडच्या खाचरात चाललेलं असतं हे आपल्या लक्षात येत नाही. ताओ, म्हणजे ‘मार्ग’, रोजच्या जगण्यात कसा आणायचा, हा प्रश्न मला म्हणूनच सुरगाण्यात विचारावासा वाटतो. इथं तो विचारला की गुळगुळीत उत्तरं टिकत नाहीत.

आधी थोडी ओळख. ‘ताओ ते चिंग’ हा लाओत्सच्या नावावरचा जेमतेम पाच हजार चिनी अक्षरांचा, 81 छोट्या प्रकरणांचा ग्रंथ. लाओत्स नावाचा कुणी एक माणूस होऊन गेला की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण 1993 मध्ये चीनमधल्या ग्वोदियान इथल्या थडग्यात या ग्रंथाचे अंश असलेल्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या आणि त्या इसवीसनापूर्वी 300 च्या आसपासच्या ठरल्या. दुसरा मोठा ग्रंथ च्वांगत्सचा. तो गोष्टीवेल्हाळ आणि खट्याळ आहे. आपल्याशी या परंपरेचा एक धागा फार जुना आहे. सातव्या शतकात महाराष्ट्र पाहून गेलेला आणि इथल्या लोकांच्या स्वाभिमानाबद्दल लिहून ठेवणारा ह्युएनत्संग मायदेशी परतल्यावर, 647 मध्ये, तिथल्या सम्राटाने त्याच्यावर ‘ताओ ते चिंग’ संस्कृतात नेण्याची कामगिरी सोपवली. कामरूपच्या राजाने तशी मागणी केली होती. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. ह्युएनत्संगाने वर्णन केलेली महाराष्ट्राची राजधानी म्हणजे नाशिक असावं, असं फ्लीट या संशोधकाचं मत होतं. ते खरं असेल तर लाओत्सचा पहिला भारतीय भाषेतला अनुवादक नाशिकचं पाणी पिऊन गेलेला होता.

ताओवादात सगळ्यात जास्त गैरसमज झालेली कल्पना म्हणजे ‘वू-वेई’, म्हणजे ओढाताण न करता केलेली कृती. बरेच जण तिचा अर्थ ‘काही करू नका, आपोआप होईल’ असा घेतात. हा अर्थ शेतात पडताळून पाहणारा माणूस जपानचा मासानोबू फुकुओका. त्याचं ‘एका काडातून क्रांती’ महाराष्ट्रातल्या सेंद्रिय शेती करणाऱ्या कित्येकांच्या घरात सापडतं. नांगरट नाही, खत नाही, निंदणी नाही, औषध नाही, असं तो सांगतो. पण त्याच पुस्तकात तो हेही सांगतो, की तरुणपणी त्याने वडिलांची संत्र्याची बाग तशीच सोडून दिली तेव्हा फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि झाडं मेली. वर्षानुवर्षं छाटलेल्या झाडाला एकदम सोडून देणं हे निसर्गाकडे परतणं नव्हे, ती बेपर्वाई. पुढे आयुष्यभर तो ज्याला ‘काही न करण्याची शेती’ म्हणत राहिला, तिच्यासाठी त्याला झाडाचा मूळ आकार, पेरणीची वेळ आणि पेंढा कसा पसरायचा हे बारकाईनं शिकावं लागलं.

सुरगाण्याला लागून असलेला डांग जिल्हा गुजरात सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये संपूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर केला. घोषणा सोपी असते. सुरगाण्यातला शेतकरी मात्र आजही भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतो. पालापाचोळा, शेण, काटक्या वाफ्यावर पसरून जाळतो, म्हणजे तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं येतं. फुकुओका त्यावर नाक मुरडेल. शेतकरी म्हणेल, ये आणि श्रावणात तण काढ.

वू-वेईचं खरं रूप च्वांगत्सच्या खाटकाच्या गोष्टीत आहे. त्याचा सुरा 19 वर्षं वापरात असूनही नुकता परजल्यासारखा असतो, कारण तो हाडावर घाव घालत नाही. सांध्यातल्या पोकळीतून पातं सरकवतो. साधा खाटीक महिन्याला सुरा बदलतो, बरा खाटीक वर्षाला. आणि अवघड जागा आली की हाही थबकतो, नजर रोखतो, हात मंद करतो. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर बांबू फोडणारा कारागीर पाहावा. कोयत्याचा पहिला वार नेमका बसला की पुढे तो जोर लावत नाही. पातं किंचित पिळतो आणि बांबू आपल्याच धाग्याने पेरामागून पेर उकलत जातो. नवशिका प्रत्येक पेरावर घाव घालतो. त्याची कांब वाकडी निघते आणि खांदाही भरून येतो. दोघांच्या कामातला फरक ताकदीचा नाही, कुठं थांबायचं याचा आहे.

च्वांगत्सचं सगळंच इथं जुळतं असं नाही. त्याचं एक प्रसिद्ध झाड आहे, वाकडंतिकडं, निरुपयोगी, आणि म्हणूनच कुऱ्हाडीतून वाचलेलं. सागाच्या बाबतीत हे पटतं, सरळ आणि उपयोगी म्हणून तो तोडला जातो. पण मोह? मोहाच्या फुलांवर, तेलावर घरं चालली, तरी तो बांधावर उभा आहे, कारण तो उभाच उपयोगाचा. च्वांगत्स मोहाखाली बसला असता तर गोष्ट त्याने वेगळी रचली असती.

आता शरीराकडे. 1973 मध्ये चीनमधल्या मावांगद्वे इथं इसवीसनापूर्वी 168 मधल्या थडग्यातून रेशमी कापडावरचं एक चित्र निघालं. त्यावर ताण देणारी, वाकणारी, हात उंचावणारी 44 माणसं आहेत, बाया आणि पुरुष, वेगवेगळ्या कपड्यांतली. म्हणजे श्वास आणि हालचालींचे हे व्यायाम किमान सुमारे 2200 वर्षं जुने. ताई-ची त्या मानाने अलीकडची. डोंगरातल्या ताओवादी साधूने ती निर्माण केल्याची दंतकथा आहे. इतिहास मात्र तिला सतराव्या शतकातल्या हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात, युद्धकला म्हणून दाखवतो. आज बागेत दिसतो तो 24 हालचालींचा सोपा क्रम तर 1956 मध्ये सरकारी समितीने बसवलेला. प्राचीन म्हणून विकत घेणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं. त्यानं तिची किंमत कमी होत नाही. पार्किन्सन झालेल्या 195 रुग्णांवर अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा अशी 24 आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल नुसतं ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला, पडण्याचं प्रमाणही घटलं. भार कुठल्या पायावर आहे हे कळणं म्हातारपणात फार मोलाचं ठरतं.

घरी सुरुवात करायची तर नुसतं उभं राहावं. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे अडकवलेले नकोत, माकडहाड खाली सोडलेलं, हात छातीसमोर हंडा कवेत घेतल्यासारखे गोल. दोन मिनिटांत खांदे कानांकडे चढू लागतात, जबडा आवळला जातो. तो आवळलेला असतो याची आपल्याला एरवी खबरच नसते. ओट्यापाशी भांडी घासताना, दुचाकीच्या मुठी धरताना, साहेबांच्या संदेशाला उत्तर लिहिताना तो असाच असतो. खांदे पाडायचे, पुन्हा चढतील, पुन्हा पाडायचे. पाच मिनिटं पुरे. आजचे बरेच शिक्षक सांगतात की जमेल त्याच्या सत्तर टक्केच करा, उरलेलं राखून ठेवा. काठोकाठ भरण्यापेक्षा वेळीच थांबलेलं बरं, हे लाओत्सही सुचवतो. जिमच्या भिंतीवरच्या घोषवाक्यांच्या नेमकं उलट. गुडघेदुखी किंवा चक्कर असलेल्यांनी खुर्चीचा आधार घ्यावा.

श्वासाबद्दल च्वांगत्स एक विचित्र गोष्ट लिहितो: खरा माणूस टाचांपासून श्वास घेतो, बाकीचे घशातून. टाचेला फुप्फुस नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण तारपा वाजवणारा माणूस पाहिला की तो काय म्हणतो ते ध्यानात येतं. भोपळ्याच्या त्या वाद्याचा सूर बराच वेळ तुटत नाही. गालात हवा धरून ती वाद्यात सोडत असतानाच नाकानं नवा श्वास आत जातो. छाती फुगवून हे जमत नाही, पोट मोकळं लागतं आणि पायही, कारण वादक उभा नसतो, नाचणाऱ्यांच्या फेऱ्याबरोबर हलत असतो. मंद हलणं, न तुटणारा श्वास आणि भोवती माणसं. ताई-चीच्या वर्गात वेगळं काय असतं?

एक फरक आहे, आणि तो छोटा नाही. वर्गातला माणूस दमला की थांबू शकतो. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कमरेत वाकून, डावं कोपर मांडीवर टेकवून, उजव्या हाताने रोप खोचत बाई मागे मागे सरकते. कोपर टेकवणं ही तिची वू-वेई म्हणा. ती कंबर वाचवण्याची युक्ती पिढ्यांनी शोधलेली आहे. पण सगळा दिवस वाकून कंबर वाचत नाही. कुठलाही ताओवादी गुरू आपल्या शिष्याला असं काम सांगणार नाही. कष्टकऱ्यांच्या देहातलं कौशल्य ओळखावं, पण त्यांच्या कष्टाला साधना म्हणून मोकळं होऊ नये.

पाण्याचंही तसंच. लाओत्सला पाणी फार प्रिय. ते भांडत नाही, सगळ्यांना नको असलेल्या खालच्या जागी जातं, आणि दगडाला झिजवतं. सुरगाण्यातलं पाणी अगदी तसं वागतं. जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी हा एक. नार, पार इथल्या उतारावरून पश्चिमेला गुजरातकडे आणि तिथून समुद्राला जातात. चैत्र-वैशाखात मात्र कित्येक पाड्यांवरच्या बाया तळ गाठलेल्या विहिरीवर हंडे लावून बसतात. पाणी खाली जातं हे तत्त्वज्ञान पाड्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बाईला ऐकवून पाहा! डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, आणि चढ. या पाण्यावर योजना पुष्कळ झाल्या. पार-तापी-नर्मदा नदीजोड योजना आदिवासींच्या विरोधामुळे 2022 मध्ये गुजरात सरकारने बाजूला ठेवली. नार-पार-गिरणा योजनेला महाराष्ट्राने 2024 मध्ये मंजुरी दिली, आणि तिचं पाणी उचलून पूर्वेकडे न्यायचं आहे.

शहरी ताओवादात नेहमी गळून जाणारी पानं इथं आठवतात. लोक उपाशी का, तर वरचे फार खातात म्हणून. लोक आवरत का नाहीत, तर वरचे फार ढवळाढवळ करतात म्हणून, असं लाओत्स राज्यकर्त्यांना सुनावतो. वू-वेई हा सल्ला त्याने आधी सत्तेला दिलेला होता, थकलेल्या प्रजेला नव्हे.

सत्तेला असंच सुनावायला 6 मार्च 2018 ला किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे पायी निघाला, तेव्हा त्यात सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येनं होती. कळवण-सुरगाण्याचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावितही होते. सुमारे 180 किलोमीटर, कित्येकांच्या पायात तुटकी चप्पल, काहींच्या पायात तीही नाही. वनजमिनीचे पट्टे ही मुख्य मागणी, आणि नदीजोड योजनेत आदिवासी गावं बुडू नयेत, पाणी आधी इथं मिळावं, हीसुद्धा. मुंबईत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. रस्ते अडतील, मुलांची धावपळ होईल, म्हणून दिवसभर चालून आलेली ही माणसं विश्रांती न घेता रात्रीतूनच शीवहून आझाद मैदानापर्यंत चालत गेली. सकाळी शहर उठलं तेव्हा रस्ते मोकळे होते, आणि पायांच्या फोडांचे फोटो बघून मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन धावले. लेखी आश्वासन त्याच दिवशी मिळालं. फेब्रुवारी 2019 मध्ये तीच माणसं पुन्हा निघाली, मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून आणखी एकदा. त्या वेळी वासिंदपर्यंत चालावं लागलं.